हरारेच्या आज्यांचा बाक: वस्तीनं वस्तीचं मन कसं सांभाळावं

झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथं २००६ साली चौदा आज्यांनी सुरू केलेलं एक काम आज 'फ्रेंडशिप बेंच' या नावानं जगभर ओळखलं जातं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, बाकावर वस्तीतलीच एक आजी आणि तिच्याशेजारी बसून मन मोकळं करणारी एखादी बाई किंवा बाप्या. फोटोत हे फार साधं दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, बाक टाकावा, चार प्रेमळ माणसं बसवावीत, झालं. पण त्या बाकामागे प्रशिक्षण आहे, ठरलेले प्रश्न आहेत, बोलण्याचा एक क्रम आहे आणि आजी चुकली किंवा थकली तर तिला सावरणारं माणूस आहे. हे सगळं सोडून नुसता बाक उचलला, तर हाती लाकूडच उरतं.

म्हणून हा लेख बाकाबद्दल कमी आणि त्यामागच्या शिस्तीबद्दल जास्त आहे. बचत गट, महिला मंडळ, वस्ती पातळीवरची संस्था किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडलेलं कुणी असं काम हाती घेणार असेल, तर हरारेत ते नेमकं कसं चालतं हे बारकाईनं माहीत असायला हवं.

हे उभं राहिलं ते कशातून

२००५ साली झिम्बाब्वे सरकारनं 'मुरांबात्स्विना' नावाची मोहीम काढली आणि शहरांतल्या झोपड्या, टपऱ्या, मागे वाढवलेल्या खोल्या जमीनदोस्त केल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. त्याच वर्षी डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाच्या एका २६ वर्षांच्या रुग्ण मुलीनं आत्महत्या केली. तिला हरारेला यायचं होतं, पण बसभाड्याचे १५ डॉलर घरात नव्हते. सव्वा कोटीच्या आसपास लोकांच्या देशात तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. रुग्णानं आपल्यापर्यंत यावं ही अपेक्षाच चुकीची आहे, हे चिबांडांना त्या मृत्यूनं शिकवलं.

ते एम्बारे या दाटीवाटीच्या कष्टकरी वस्तीत गेले. तिथल्या दवाखान्यात नर्सना मान वर करायला फुरसत नव्हती आणि एकही खोली रिकामी नव्हती. त्यांना मिळाल्या त्या चौदा आज्या आणि दवाखान्याबाहेरची मोकळी जागा. बाक आला तो या अडचणीतून. पुढे त्याचे फायदे दिसत गेले.

मागे जरा डोकावायला हवं, कारण वेड्यांच्या इस्पितळांवरच्या अविश्वासाला इतिहास असतो. झिम्बाब्वेला ऱ्होडेशिया म्हणत त्या वसाहती काळात तिथल्या बुलावायो शहरात १९०८ मध्ये इंगुत्शेनीचं वेड्यांचं इस्पितळ निघालं, आणि तिथंही गोरे आणि काळे यांना वेगळं ठेवलं जाई. नैरोबीत काम केलेल्या कॅरोदर्स या वसाहती डॉक्टरनं १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात आफ्रिकी माणसांत नैराश्य क्वचितच आढळतं, असं ठासून मांडलं. ज्यांचं दुःख दुःख म्हणून मोजलंच गेलं नाही, त्यांनी त्याच इस्पितळाच्या दारात रांग लावावी कशाला? म्हणूनच आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी वेगळे रस्ते शोधले. नायजेरियात थॉमस आडेओये लांबो यांनी १९५४ पासून अबेओकुटाजवळच्या आरो इथं रुग्णांना नातेवाइकांसह आसपासच्या गावांत राहायला ठेवलं, शेतात कामाला जाऊ दिलं आणि पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेतलं. आज्यांचा बाक याच वाटेवरचा आहे.

आपल्याकडचा धागाही याच गोष्टीत आहे. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल नव्वदीच्या दशकात हरारेत काम करत होते. तिथले लोक 'नैराश्य' म्हणत नाहीत, 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं, हे त्यांनी ऐकलं. लोकांच्या अशाच बोलीतल्या शब्दांवरून त्यांनी आणि झिम्बाब्वेच्या सहकाऱ्यांनी 'शोना सिम्प्टम क्वेश्चनेअर' ही लक्षणांची प्रश्नावली बांधली. शोना ही तिथल्या लोकांची भाषा. नंतर ते गोव्यात आले, १९९६ मध्ये 'संगाथ' ही संस्था उभी राहिली आणि डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून समुपदेशन करून घेण्याचे प्रयोग गोव्याच्या आरोग्य केंद्रांत झाले. आज्या आजही जे प्रश्न विचारतात, त्यांचा उगम या कामात आहे. ज्ञान हरारेहून गोव्याला आलं, याची मला विशेष नोंद करावीशी वाटते. आपल्याला ते नेहमी लंडन-न्यूयॉर्कहून यायची सवय आहे.

पहिली पायरी: बाकाआधी माणूस

हरारेच्या आज्या रस्त्यावरून गोळा केलेल्या नव्हत्या. त्या नगरपालिकेच्या आरोग्यसेविका होत्या. क्षयरोग, लसीकरण, स्वच्छता यांसाठी वर्षानुवर्षं घरोघर फिरलेल्या. लोक त्यांना 'अंबुया उतानो' म्हणत, म्हणजे आरोग्यवाल्या आजी. शिक्षण सरासरी आठ वर्षांचं. म्हणजे विश्वास आधीच कमावलेला होता. प्रशिक्षणानं त्याला फक्त दिशा दिली.

निवड करताना हे बघा: माणूस त्याच वस्तीत राहणारं हवं आणि पुढची काही वर्षं तिथंच राहणारं हवं. तरुण कार्यकर्ते नोकरी लागली की जातात, आज्या जात नाहीत, हे हरारेतलं एक मोठं कारण होतं. लिहिता-वाचता यावं, मोबाइल वापरता यावा. पोटात गोष्ट ठेवता यावी. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगेन: ज्यांच्या हातात इतरांच्या नाड्या आहेत, त्यांना बाकावर बसवू नका. घरमालकीण, सावकाराच्या घरची बाई, नगरसेवकाची आई, रेशन दुकानदार. त्या कितीही प्रेमळ असोत, त्यांच्यापुढे भाडं थकल्याचं कुणी बोलणार नाही. आशाताईंचं नाव आपल्याकडे पहिलं सुचतं, पण त्यांच्या डोक्यावरची कामं आधीच उतू जाताहेत. निवृत्त अंगणवाडी सेविका, निवृत्त नर्स, बचत गटातल्या ज्येष्ठ बाया यांच्याकडे आधी बघा.

विश्वासाचं माणूस प्रत्येक ठिकाणी आजीच असेल असंही नाही. ही कल्पना न्यूयॉर्कला, हार्लेम आणि ब्राँक्ससारख्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत गेली, तेव्हा तिथल्या नारिंगी बाकांवर स्वतः मानसिक आजारातून किंवा व्यसनातून बाहेर आलेली माणसं बसली. तिथं लोकांना 'हा यातून गेलाय' हे जास्त महत्त्वाचं वाटलं. तुमच्या वस्तीत अडचणीच्या वेळी लोक कुणाच्या दारात जातात, हे आधी विचारून घ्या.

दुसरी पायरी: जागा आणि नाव

जागेची कसोटी सोपी आहे. येणारी-जाणारी माणसं बाकावर कोण बसलंय ते बघू शकतील, पण काय बोलणं चाललंय ते ऐकू शकणार नाहीत. पूर्ण आडोशाला बाक ठेवला की कुजबुज सुरू होते, अगदी वाटेत ठेवला की तोंड उघडत नाही. दवाखान्याचं आवार यासाठी चांगलं, कारण तिथं माणूस कशासाठीही आलेलं असू शकतं: ताप, बाळाची लस, बीपीच्या गोळ्या. 'ती तिकडे का गेली' असं कुणी विचारत नाही.

नावाचं मात्र हरारेतही आधी बिनसलं होतं. सुरुवातीला त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हटलं गेलं आणि लोक फिरकेनात. वेड्यांच्या बाकावर कोण बसणार? मग आज्यांनीच नाव सुचवलं: 'चिगारो चेकुपानामाझानो', विचारांची देवाणघेवाण करायचा बाक. गर्दी त्यानंतर झाली. तुमच्याकडे 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावण्याआधी तिथल्या चार बायांना विचारा, त्या काय म्हणतील.

तिसरी पायरी: चौदा प्रश्न

आजी गप्पांनी सुरुवात करत नाही. दवाखान्यातून पाठवलेल्या किंवा स्वतःहून आलेल्या माणसाला ती गेल्या सात दिवसांबद्दल चौदा प्रश्न विचारते. उत्तर हो किंवा नाही. फार विचार करत बसायचं झालं का? लक्ष लागत नव्हतं का? क्षुल्लक गोष्टीवरून राग आला का? वाईट स्वप्नं पडली का? इतरांना न दिसणारं, न ऐकू येणारं काही दिसलं-ऐकू आलं का? पोट दुखलं का? छोट्या गोष्टीनं दचकायला झालं का? झोप उडाली का? रडू आलं किंवा रडावंसं वाटलं का? गळून गेल्यासारखं वाटलं का? जीव द्यावा असं मनात आलं का? एकूणच उदास वाटलं का? कामं मागे पडली का? काय करावं हे ठरवता येत नव्हतं का?

यात एकही जड शब्द नाही. पोटदुखी आणि कामं मागे पडणं हेही प्रश्नच आहेत, कारण मनाची दुखणी अंगावर आणि रोजच्या कामात आधी दिसतात. या कामाचा उपयोग मोजणाऱ्या हरारेतल्या मोठ्या चाचणीत नऊ किंवा जास्त 'हो' आले, की माणसाला बाकावरच्या बैठकींसाठी घेतलं जाई.

पण हा आकडा शोना भाषेत, तिथल्या लोकांवर तपासून ठरवलेला आहे. प्रश्न मराठीत करून तोच आकडा वापरणं चूक ठरेल. आपल्याकडे पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत वापरली जाते. ती प्रशिक्षकाकडून नीट शिकून वापरा.

दोन उत्तरं मात्र बेरजेसाठी थांबत नाहीत. जीव देण्याचा विचार आणि नसलेलं दिसणं-ऐकू येणं. यातलं एकही 'हो' आलं, की आजी त्याच दिवशी वरिष्ठ आरोग्यसेविकेला किंवा नर्सला कळवते आणि गरज असेल तर माणूस मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवला जातो. आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात येईल, या भीतीनं अनेक जण तो प्रश्न गिळतात. असं होत नाही. थेट विचारल्यानं माणसाला सुटल्यासारखं वाटतं. 'जगणं नकोसं होतं का?' इथून सुरू करा आणि 'जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं तेही ठरवलंय का?' इथपर्यंत न कचरता जा. यातल्या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. सोबत घेऊनच दवाखाना गाठायचा. आपल्याकडे टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो प्रत्येकीला पाठ असायला हवा.

चौथी पायरी: पहिली बैठक

या बैठकीचं नाव 'कुव्हुरा फुंग्वा', म्हणजे मन उघडणं. सगळ्यांत लांबलेली बैठक हीच असते, पाऊण तास ते तासभर. समजा, एम्बारे मुसिका या बाजारात टोमॅटो विकणारी एक तिशीतली बाई आली आहे. नवरा वारलेला, स्वतः एचआयव्हीची औषधं घेणारी. (हा नमुना मी रचलेला आहे, पण बाकावर येणाऱ्यांचं चित्र असंच असतं. त्या चाचणीतले दहातले चार जण एचआयव्हीबाधित होते.)

"ये, बस. मी पलीकडच्याच गल्लीतली. तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला नर्सबाईंना सांगावं लागेल. चालेल?"

"चालेल, अंबुया."

"सांग बाळा, काय चाललंय?"

बाई बोलते. दोन महिन्यांचं भाडं थकलंय, घरमालक रोज दारात येतो. पोराची फी राहिलीय. सासरचे बोलत नाहीत. गोळ्या घ्यायचा कंटाळा येतो. रात्र रात्र डोळा लागत नाही. आजी मधे तोंड घालत नाही, 'अगं सगळ्यांचं असंच असतं' म्हणत नाही, स्वतःच्या सुनेची गोष्ट सांगत नाही. बाई रडली तर रडू देते. मग वहीत लिहिलेलं वाचून दाखवते: "भाडं, फी, सासर, गोळ्या, झोप. आणखी काही राहिलं का?"

"नाही."

"यातलं आधी हाताला काय घ्यायचं? तू सांग."

सगळं काम या प्रश्नाभोवती फिरतं. आजीच्या मनात कदाचित गोळ्या आधी असतील, आणि वैद्यकीय दृष्टीनं तिचं चूकही नसेल. पण बाई म्हणते, भाडं. तर भाडं. दारात उभा राहणारा घरमालक डोक्यातून गेल्याशिवाय गोळ्यांसाठी तिथं जागाच होणार नाही. स्वतः निवडलेली एक अडचण थोडीशी जरी हलली, तरी माणसाला वाटतं, आपल्या हातात काहीतरी आहे. नैराश्यात नेमकं हेच हरवलेलं असतं.

पुढचा प्रश्न: "शनिवारपर्यंत काय झालेलं चालेल?" उत्तर 'भाडं फिटायला हवं' असं आलं, तर आजी ते लहान करायला लावते. "शनिवारपर्यंत भाडं फिटेल का?" नाही. मग घरमालकाशी हप्त्यांचं बोलणं व्हायला हवं. आता उपाय. बाईनंच सांगायचे, बरे-वाईट सगळे: हप्ते मागणं, चर्चमधल्या बायांच्या गटाकडून उसने घेणं, खोलीत आणखी कुणाला घेणं, गावी निघून जाणं. प्रत्येकाचं बरं काय, वाईट काय, हेही तिनंच बोलायचं. शेवटी एक उपाय निवडून त्याची बारीक आखणी होते. कधी जायचं? गुरुवारी संध्याकाळी. एकटी की कुणाबरोबर? बहिणीबरोबर. किती हप्ते म्हणायचं? तो ओरडायला लागला तर काय करायचं? घरी नसला तर?

सल्ला द्यायचा नाही, हे ऐकायला सोपं आणि करायला सर्वांत अवघड. वयानं मोठ्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क आहे असं शोना समाजही मानतो, आपणही मानतो. म्हणून प्रशिक्षणाचे आठ-नऊ दिवस पुष्कळसे याच सरावात जातात: एक आजी येणारी बाई होते, दुसरी ऐकते, बाकीच्या बघतात आणि 'इथं तू उपाय सांगून टाकलास' असं दाखवून देतात. तुमच्या प्रशिक्षणात व्याख्यानं कमी करा आणि हे वाढवा.

एका बाबतीत हा क्रम बाजूला ठेवावा लागतो. घरात मारहाण होत असेल, तर 'नवऱ्याशी कसं बोलशील' या दिशेनं आखणी करायची नाही. आधी सुरक्षितता: आज रात्री कुठे झोपणार, कुणाला फोन करणार. आपल्याकडे महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाचवी पायरी: पुढच्या बैठकी

दुसऱ्या टप्प्याला 'कुसिमुद्झिरा' म्हणजे उभारी देणं, तिसऱ्याला 'कुसिम्बिसा' म्हणजे घट्ट करणं, अशी नावं आहेत. एकूण सहा बैठकी, साधारण आठवड्याला एक. नंतरच्या बैठकी आटोपशीर असतात. सुरुवात नेहमी एकाच प्रश्नानं: ठरवलं होतं त्याचं काय झालं? जमलं असेल तर कसं जमलं ते तपशिलात विचारायचं, म्हणजे श्रेय तिचं तिला दिसतं. जमलं नसेल तर दोष न देता आखणी बदलायची. माणूस आलंच नाही, तर मोबाइलवर मेसेज, फोन आणि गरज पडली तर घरी फेरी. घरी जाताना मात्र तिथं कुणाला काय माहीत आहे हे आधीच ठरवून ठेवलेलं हवं. 'दवाखान्यातून आलेय' एवढंच म्हणणं पुष्कळदा बरं.

सहा बैठकींनंतर हात सोडत नाहीत. 'सर्कल कुबाताना तोसे', म्हणजे सगळ्यांनी मिळून हात धरणं, अशा नावाचे गट आहेत. बाकावरून गेलेल्या बाया तिथं भेटतात, बोलतात आणि बोलता बोलता प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाच्या पिशव्या विणतात. हातात काम असलं की नजरेला नजर न देताही बोलता येतं, आणि चार पैसेही सुटतात. वस्तीतल्या दुःखाचं मूळ पुष्कळदा पैशात असतं. ज्या उपक्रमात त्याचा विचारच नाही, तो अर्धा उपक्रम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बचत गटांची चौकट तयार आहे, तिचा उपयोग करा. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' हा उपक्रम २०१३ च्या सुमारास सुरू केला. त्यात गावातलेच स्वयंसेवक समुपदेशनासोबत सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करत.

याचा उपयोग होतो का

होतो, आणि ते मोजलेलं आहे. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेली चाचणी डिसेंबर २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाचा चौदा प्रश्नांवरचा सरासरी गुण ८.९० होता, बाकावर बसलेल्यांचा ३.८१. नैराश्याची लक्षणं पहिल्या गटात ४९.९ टक्क्यांत उरली होती, दुसऱ्यात १३.७ टक्क्यांत. तुम्हीही पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत तीच प्रश्नावली भरून घ्या. नाहीतर 'लोकांना बरं वाटतंय' एवढ्यावर काम रेटलं जातं.

सहावी पायरी: आज्यांना कोण बघतं

आठवडाभर दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या बाईला स्वतःला बसायला बाक लागतो. हरारेत आज्या नियमितपणे एकत्र जमतात, वरिष्ठ आरोग्यसेविका त्यांच्याबरोबर बसते, अडलेल्या गोष्टी नाव न घेता मांडल्या जातात आणि त्यामागे मानसोपचारतज्ज्ञ फोनवर असतो. ही साखळी तयार नसेल तर काम सुरूच करू नका. कुठल्या डॉक्टरकडे पाठवायचं, त्यांचा ओपीडीचा वार कोणता, ते रजेवर असले तर कुणाला फोन करायचा, हे पहिली बाई बाकावर बसायच्या आत ठरलेलं हवं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा चमू असतो. त्यांना आधी भेटून या.

मानधन द्या. बायांच्या मायेला गृहीत धरून फुकट राबवून घेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. प्रवासखर्च, चहापाणी आणि ठरावीक रक्कम, उशीर न करता. एका दिवशी एकीनं किती माणसं ऐकायची यालाही मर्यादा घाला. तीन पहिल्या बैठकी म्हणजे पुष्कळ झाल्या.

कुणाचीही चालू गोळी बंद करायला सांगायची नाही, नवी सुचवायची नाही. हरारेत अनेक जण बाकावर यायच्या आधी न'आंगा म्हणजे पारंपरिक वैद्याकडे किंवा चर्चमधल्या भविष्यवेत्त्याकडे गेलेले असतात, आपल्याकडे देवऋषीकडे. त्यावरून वाद घालू नका, हसू नका. मात्र साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणं असं काही कानावर आलं, तर ते वर कळवायलाच हवं.

वही दोन ठेवा. एकीत फक्त क्रमांक, वय, गुण, बैठकीची तारीख आणि ठरलेली कृती. दुसरीत क्रमांकासमोर नाव आणि फोन, आणि ती दवाखान्यातल्या कुलपाच्या कपाटात. पहिली वही आजीनं घरी नेली तरी चालेल, दुसरी कधीच नाही.